ट्यूबच्या जुन्या पट्ट्या आणि चोकचा वाद : पार्श्वभूमी

दुकानं आणि ऑफिसांतल्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्यांत एलईडी ट्यूब घालण्याची कामं गेली काही वर्षं सर्रास चालू आहेत. पत्र्याची पट्टी तीच, ट्यूब नवी. हे जमतं एकाच कारणामुळे. ३८ मिलिमीटर जाडीची ४० वॅटची ट्यूब, तिच्यानंतरची २६ मिलिमीटरची ३६ वॅटची आणि आजची एलईडी या तिघींची लांबी चार फूट आणि दोन पिनांमधलं अंतर १३ मिलिमीटरच राहिलं. होल्डर कुणालाच नाही म्हणत नाही. वायरिंग मात्र प्रत्येकीला वेगळं लागतं, आणि बहुतेक घोटाळे तिथूनच निघतात. त्यातला मुख्य वाद असा: जुन्या पट्टीतला चोक, म्हणजे काचेच्या ट्यूबच्या करंटला आवर घालणारा भाग, एलईडी लावताना ठेवायचा की काढायचा?

मुंबईत क्रॉफर्ड मार्केटमध्ये विजेचे दिवे लागले ते १८८२ साली. पितळी दांड्या आणि दुधी काचेचे गोल ही ट्यूबच्या आधीची पिढी. त्यांच्या दुरुस्तीत फारसा वाद नाही. विटलेली कापडी-रबरी वायर बदलायची, पितळेला अर्थिंग द्यायचं आणि बंद गोळ्यात मोठ्या वॅटचा एलईडी बल्ब घालायचा नाही. उष्णता कोंडली की आतला ड्रायव्हर, म्हणजे एलईडीला वीज पुरवणारं सर्किट, लवकर जातो.

पुढच्या काळात ऑफिसांवर राज्य केलं ते तांब्याच्या चोकच्या पट्टीनं. चोक, स्टार्टर आणि पॉवर फॅक्टर (ओढलेल्या विजेतला कामी येणारा वाटा) सुधारण्यासाठी साधारण ४ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर एवढाच तिचा संसार. ३६ वॅटच्या ट्यूबमागे चोक आणखी १० ते १२ वॅट खाई आणि करंट ०.४३ अँपिअर असे. नंतर इलेक्ट्रॉनिक चोक आला. आरसेवाल्या जाळीच्या फिटिंग आल्या. मग १६ मिलिमीटरच्या २८ वॅटच्या ट्यूबचं वारं सुटलं. तिच्यासाठी दोन टोकांना अ‍ॅडॉप्टर लावून जुनीच पट्टी वापरायची टूम निघाली. अशा पट्ट्या आज उघडल्या तर कितीतरी ठिकाणी अ‍ॅडॉप्टरमधल्या इलेक्ट्रॉनिक चोकच्या मागे मूळचा तांब्याचा चोकही तसाच बसलेला सापडतो. म्हणून पट्टीचं झाकण काढल्याशिवाय सामानाची यादी करू नये.

आता मुख्य वादाचा मुद्दा: चोक ठेवायचा की काढायचा?

ठेवा म्हणणाऱ्यांचा हिशेब अगदीच चुकीचा नाही. १८ वॅटची एलईडी ट्यूब जेमतेम ०.०९ अँपिअर घेते. चोकमधला तोटा करंटच्या वर्गानुसार घटतो, त्यामुळे १२ वॅटचे अर्धा वॅट उरतात. शिवाय लाइनवरचा झटका चोक थोडा बोथट करतो. या पद्धतीत स्टार्टर काढून त्या जागी ट्यूबसोबत मिळणारा डमी स्टार्टर, म्हणजे आत फ्यूज असलेली डबी, लावायची. पाच मिनिटांचं काम, पट्टीची वायर कापायला नको. पण हे फक्त तांब्याच्या चोकला लागू आहे. इलेक्ट्रॉनिक चोक हजारो हर्ट्झचा करंट आणि ट्यूब पेटवण्यासाठी मोठा व्होल्टेज सोडतो. त्यासाठी न बनलेली ट्यूब त्यावर एक तर लागत नाही, किंवा लागून मरते.

काढा म्हणणाऱ्यांकडेही दोन प्रकार आहेत, आणि खरा गुंता तिथे आहे. काही ट्यूबना एका टोकाला फेज, दुसऱ्या टोकाला न्यूट्रल लागतो. काहींना दोन्ही वायरी एकाच टोकाच्या दोन पिनांवर लागतात, दुसरं टोक नुसतं आधाराला. डमी स्टार्टरवाल्या ट्यूबचं एक टोक तर आतून जोडलेलं असतं. ती ट्यूब ‘एकाच टोकाला वीज’ अशा बदललेल्या पट्टीत उलटी बसली की सरळ शॉर्ट होतो आणि एमसीबी पडतो. त्याच पट्टीत कुणी गोदामातली जुनी काचेची ट्यूब घातली तर पूर्ण २३० व्होल्ट तिच्या फिलामेंटवर येतात. दोन टोकांच्या जोडणीत वेगळा धोका असतो. ट्यूब हलक्या दर्जाची असेल तर एक टोक होल्डरात गेल्यावर दुसऱ्या टोकाच्या उघड्या पिना शॉक देऊ शकतात. शिडीवर उभ्या माणसासाठी शॉकपेक्षा त्यानंतरचं पडणं वाईट.

आमच्या मते चोक काढणंच योग्य, पण अर्धवट नाही. चोक, स्टार्टरची बैठक आणि कपॅसिटर तिन्ही बाहेर काढायचे. उष्णतेनं पिवळे पडून ठिसूळ झालेले होल्डर बदलायचे, कारण स्प्रिंग ढिली असेल तर पिनेवर ठिणगी पडते. पत्र्याचा रंग खरवडून अर्थचा स्क्रू आवळायचा. स्विच फेजवरच आहे ना, हे बघायचं. जुन्या इमारतींत तो बऱ्याचदा न्यूट्रलवर निघतो, आणि मग बंद केलेली एलईडी रात्रभर मिणमिणत राहते. शेवटी पट्टीवर जोडणीचा प्रकार लिहिलेला स्टिकर लावायचा. मेगरची, म्हणजे वायरिंगचं इन्सुलेशन तपासणाऱ्या यंत्राची, ५०० व्होल्टची चाचणी घ्यायची असेल तर आधी सगळ्या ट्यूब उतरवायच्या. (चोक काढायचा सल्ला देणाऱ्याचा डोळा कधीकधी तांब्याच्या भंगारावर असतो. चोक मोजून ताब्यात घ्यावेत.)

सगळ्यांत जास्त विसरला जातो तो कपॅसिटर. ४ मायक्रोफॅरडचा एक कपॅसिटर २३० व्होल्टवर ०.२९ अँपिअर घेतो, म्हणजे एलईडी ट्यूबच्या तिप्पट. २०० पट्ट्यांच्या ऑफिसात चोक काढून कपॅसिटर तसेच ठेवले, तर साधारण ४ किलोवॅटच्या लोडवर १३ केव्हीएआरहून जास्त लीडिंग भार, म्हणजे कामी न येता नुसता ये-जा करणारा कपॅसिटरचा भार, उभा राहतो. महाराष्ट्रात उच्चदाब ग्राहकांचं बिल २०२० पासून केव्हीएएचवर, म्हणजे कामी आलेल्या विजेबरोबर असा ये-जा करणारा भारही मोजून, निघतं आणि त्यात लॅगिंगबरोबर (चोकसारख्या सामानाचा भार) लीडिंगही धरलं जातं. युनिट घटले तरी बिल त्या प्रमाणात उतरत नाही, ते अशानं.

या बदलांना वेग आला तो २०१५ नंतर. सरकारी योजनेतून स्वस्त एलईडी बल्ब आणि पाठोपाठ २० वॅटच्या ट्यूब बाजारात आल्या आणि भाव कोसळले. प्रकाशाबद्दलची तक्रारही तेव्हापासूनची. काचेची ट्यूब चहूकडे उजेड टाके, एलईडी बहुतांशी खालीच टाकते. टेबलावर उजेड पुरतो, पण छत काळवंडतं आणि आरसेवाल्या फिटिंगचे आरसे जवळपास निकामी होतात. तिथे ट्यूब बदलण्यापेक्षा अख्खी फिटिंग बदललेली बरी.

काचेच्या ट्यूबमधल्या पाऱ्याचा प्रश्न मागून आला. त्या ई-कचरा नियमांत २०१६ साली आल्या. उतरवलेल्या ट्यूब न फोडता मूळच्या खोक्यांत भरून अधिकृत रिसायकलरकडे द्याव्या लागतात. पाऱ्यावरच्या आंतरराष्ट्रीय करारातल्या देशांनी २०२३ च्या अखेरीस सरळ ट्यूबचं उत्पादन आणि आयात-निर्यात थांबवण्याची मुदत ठरवली: आतून जुन्या प्रकारची पावडर लावलेल्या ट्यूबसाठी २०२६, बाकीच्यांसाठी २०२७. ज्यांच्याकडे २८ वॅटच्या बारीक ट्यूबच्या मूळ फिटिंग आहेत त्यांची अडचण जास्त. त्यांचे होल्डर ५ मिलिमीटर अंतराचे आणि ट्यूब चार फुटांहून थोडी आखूड, त्यामुळे बाजारातली नेहमीची एलईडी ट्यूब त्यांत बसतच नाही.