किट कार की लोकॉस्ट? पोरासोबत गाडी बांधायची असेल तर आधी हा फरक बघा

बुटकी, दोन सीटांची, पुढची चाकं बॉडीच्या बाहेर, दार नाही, छप्पर नाही, असली गाडी दिसली की आपल्याकडं सगळे एका सुरात म्हणतात 'किट कार आहे बघ'. आणि घरात पोरगं किंवा पोरगी नववी-दहावीत असेल, पाना हातात धरायची आवड असेल, तर आई-बापाच्या डोक्यात किडा वळवळायला लागतो की आपण दोघं मिळून एक बांधूया की. पण त्या एकाच दिसण्यामागं दोन वेगळ्या भानगडी आहेत, एक खरी किट कार, म्हणजे कंपनीचे तयार पार्ट जोडायचे, आणि दुसरी लोकॉस्ट, म्हणजे ड्रॉइंग बघून स्वतः बनवायची. फोटोत फरक कळत नाही, पैसे आणि वर्षं जायला लागली की बरोबर कळतो.

दोन्हींचं मूळ घराणं एकच, लोटस सेव्हन. लोटस कंपनीच्या कॉलिन चॅपमनने ही गाडी 1957 ला आणली. तेव्हा इंग्लंडात तयार गाडीवर परचेस टॅक्स लागायचा, सुट्या पार्टवर लागायचा नाही, मग लोक पार्ट घेऊन जायचे आणि घरी जोडायचे, टॅक्स वाचला आणि हौसपण भागली. 1973 ला तो टॅक्स जाऊन व्हॅट आला, आणि त्याच साली सेव्हनचे हक्क केटरहॅम नावाच्या इंग्लिश कंपनीकडं गेले, ते लोक आजही गाडी विकतात, तयारपण आणि किटमध्येपण.

किट म्हणजे काय तर कंपनीकडून चासी वेल्डिंग होऊन, पेंट होऊन येते, सस्पेन्शन, इंजिन, गिअरबॉक्स, वायरिंग, सगळं मापात आणि एकमेकांना बसणारं. तुम्ही फक्त जोडायचं. पाने, टॉर्क रेंच, गाडी उचलायला स्टँड आणि मॅन्युअल, बास. नीट बसलं तर शंभर तासांच्या आसपास गाडी उभी राहते असं म्हणतात, म्हणजे मे महिन्याची सुट्टी आणि पुढचे थोडे रविवार.

लोकॉस्ट म्हणजे किट नाहीच. 1996 ला रॉन चॅम्पियन नावाच्या माणसानं पुस्तक काढलं, त्यात सेव्हनसारख्या गाडीच्या चासीची मापं दिली, एक इंची स्क्वेअर पाइप, सोळा गेज जाडीचा, आणि इंजिन-गिअरबॉक्स-एक्सल जुन्या फोर्ड एस्कॉर्टचा काढून लावायचा. म्हणजे पेटी बिटी काही येत नाही, ड्रॉइंग येतं. पाइप तुम्ही आणायचा, कापायचा, जोडायचा. फक्त ड्रॉइंग विकत घेतलं आणि 'आम्ही किट घेतलं' म्हणून सांगत सुटलेले लोक असतात, त्यांना सहा महिन्यांनी भेटा.

आता कोल्हापुरात बसून बघितलं तर काय चित्र दिसतं. केटरहॅमचं किट वीस हजार पाउंडांच्या वर जातं, म्हणजे आपले वीस लाख ओलांडले, त्यात जहाजाचं भाडं आणि कस्टम अजून धरलेलंच नाही. एवढे पैसे असतील तर तुम्ही हे वाचत बसणार नाही. भारतात असल्या गाड्या झाल्याच नाहीत असं नाही, अलिबागकडच्या चिंकारा मोटर्सनं सेव्हनच्या घाटाची रोडस्टर काढली होती, अँबेसेडरमधलं 1.8 लिटरचं इसुझू इंजिन लावून, पण ते म्हणजे तुमच्या गल्लीतल्या गॅरेजमध्ये पेटी येऊन पडण्यातला प्रकार नव्हे.

उलट लोकॉस्टला जे जे लागतं ते आपल्याकडं आसपासच मिळतं. शिवाजी उद्यमनगरात लेथवाला आहे, सीओटू वेल्डिंगवाला आहे, आर्गनवाला आहे, शिरोलीला लेझर कटिंग होतं, फौंड्र्या तर सांगायलाच नकोत. विलायतेत हौशी माणूस एक छोटा बुश टर्न करून घ्यायला आठवडे घालवतो, आपल्याकडं ड्रॉइंग घेऊन उभं राहिलं तर 'संध्याकाळी या' म्हणतात. म्हणून माझं मत सरळ आहे, इथं राहून करायचं तर लोकॉस्ट, किटच्या मागं लागू नका. पण लोकॉस्ट म्हणजे स्वस्तातलं किट असं समजून उतरू नका, ती जोडायची गाडी नाही, बनवायची गाडी आहे, आणि पोराच्या हाताला काय शिकायला मिळतं तो फरक पण तिथंच आहे.

चासीचंच घ्या. आठ बाय चार फुटी जाड प्लायवूड लेव्हलमध्ये ठेवायचा, मधून सेंटर लाइन मारायची, खालच्या फ्रेमचं ड्रॉइंग फुल साइजमध्ये त्याच्यावरच काढायचं आणि पाइप हलू नये म्हणून कडेनं लाकडी ठोकळे ठोकायचे. मग पाइप कापून, टोकं ग्राइंडरनं कोनात घासून बसवायची. जॉइंटला फट राहिली तर वेल्डिंगवाला ती भरून देईल, पण थंड होताना तो जॉइंट पाइपला ओढणार. म्हणून आधी सगळीकडं नुसते टॅक, म्हणजे वेल्डिंगचे छोटे ठिपके, मारायचे, मग कर्ण मोजायचे, या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात आणि उलट, दोन्ही सारखे आले तरच पुढं. फुल वेल्डिंग करतानापण एका बाजूनं सरळ ओढत जायचं नाही, एक जॉइंट इथं, पुढचा तिरक्या बाजूला. पोरीनं टेप धरून 'पप्पा तीन एमएम फरक येतोय' म्हटलं आणि पप्पा म्हणाले 'चालतंय की', तर तिथंच प्रोजेक्ट संपला समजा, कारण तोच फरक पुढं सस्पेन्शनच्या ब्रॅकेटला येणार आणि गाडी एका बाजूला ओढणार. टॅक पोरांना मारू द्या, हेल्मेट-हातमोजे घालून. फायनल वेल्डिंग रोज तेच काम करणाऱ्या माणसाकडून करून घ्या, यात कमीपणा नाही. आणि स्वस्त मिळतोय म्हणून जीआय, म्हणजे झिंक चढवलेला पाइप अजिबात आणू नका, वेल्डिंग करताना झिंकचा धूर निघतो, तो छातीत जातो.

अजून एक, पोरगं वाढतंय. मूळ मापाची चासी अंगानं भरलेल्या माणसाला अडचणीचीच होते. मॅक्सॉर्लीचं म्हणून एक प्लॅन चालतं, 442 म्हणतात त्याला, चार इंच रुंद, चार इंच लांब, दोन इंच उंच. पंधराव्या वर्षी बसतंय म्हणून जुनं माप घेतलं तर अठराव्या वर्षी गुडघे स्टिअरिंगला लागतात.

इंजिनसाठी मारुती 800 बघू नका. तिचं इंजिन आडवं आणि ओढणारी चाकं पुढची, सेव्हनच्या आराखड्यात ते बसत नाही. बघायची ती मारुतीचीच ओम्नी व्हॅन. तेच 796 सीसीचं तीन सिलिंडर इंजिन, पण उभं बसवलेलं, मागं गिअरबॉक्स, मग प्रोपेलर शाफ्ट आणि मागं सॉलिड एक्सल. अगदी लोकॉस्टला पाहिजे तसं. कुणी हसलं तर सांगा, केटरहॅमनं स्वतःच्या सर्वात बारक्या मॉडेलला सुझुकीचंच 660 सीसी तीन सिलिंडर टर्बो इंजिन आणि सुझुकीचाच मागचा सॉलिड एक्सल लावला होता. ओम्नीला टर्बो नाही, पस्तीसच्या आसपास हॉर्सपॉवर, पण अख्खी गाडी पाचशे किलोत बसवली तर पोरासाठी भरपूर झालं. गिअरिंग ओझं ओढायच्या हिशोबाचं असल्यानं टॉप स्पीड कमी राहतो, तेपण बरंच. डोकं लागतं ते पुढच्या बाजूला, कारण ओम्नीला पुढच्या सस्पेन्शनला स्ट्रट आहेत आणि सेव्हनला डबल विशबोन, म्हणजे वर-खाली दोन आडवे हात, त्यामुळं नकलला, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या भागाला, वरचा बॉलजॉइंट बसवायला वेगळा पार्ट लेथवर करून घ्यावा लागतो. तो तुटला तर चाकच निघून येतं, म्हणून मटेरियल आणि ड्रॉइंग ऑटोमोबाइलवाल्या इंजिनिअरला दाखवल्याशिवाय ऑर्डर द्यायची नाही.

आता कडू भाग, आणि यात किट आणि लोकॉस्ट दोन्ही एकाच बोटीत. इंग्लंडात एकट्या-दुकट्या हौशी गाडीला तपासून पास करायची रीतसर सरकारी टेस्ट आहे. आपल्याकडं गाडी रजिस्टर व्हायची तर एआरएआयसारख्या गाड्या तपासणाऱ्या संस्थेची मंजुरी लागते, ती कंपन्यांच्या हिशोबानं आखलेली, बाप-लेकाच्या खिशाच्या नाही. ओम्नीचं आरसी आहे म्हणून तिचा चासी नंबर नव्या फ्रेमवर मारायचा शहाणपणा तर करूच नका, तो सरळ गुन्हा आहे. गाडीतल्या बदलांबद्दल मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आहेच, 2019 ला सुप्रीम कोर्टानंही सांगितलं की कंपनीच्या मूळ तपशिलात बदल करता येत नाही. आणि पोरगं अठराच्या आत असताना रस्त्यावर चालवताना सापडलं तर त्याच कायद्याचं कलम 199-ए लागतं, पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार दंड, पोराला पंचविशीपर्यंत लायसन्स नाही. 'रंकाळ्याला एक राउंड मारून येतो' हा विषयच नाही. ही गाडी ट्रॅकची किंवा स्वतःच्या बंद जागेतली. हुपरी रोडला मोहितेंचा ट्रॅक आहे, पण तो कार्टिंगचा, तिथं असली घरची गाडी घेतील का हे पाइप आणायच्या आधी जाऊन विचारा, नंतर नाही.

राहिला वेळ. लोकॉस्टला फक्त रविवारी हात लागणार असेल तर दोन-तीन वर्षं सहज जातात. पोरगं आठवी-नववीत असेल तर सुरू करा, दहावीच्या वर्षाला फ्रेम कव्हर घालून ठेवा आणि नंतरच्या सुट्टीत परत काढा. अकरावीत असेल आणि सीईटी-जेईई डोक्यावर असेल तर चासीला हात घालू नका, स्क्रॅपमधलं ओम्नीचं इंजिन आणा, दोघं मिळून पूर्ण खोला, रिंगा-बेअरिंग बदला, स्टँडवर चालू करून बघा. पुढं इंजिनिअरिंगला गेलं की बाहा किंवा फॉर्म्युला भारत या गाडी बांधायच्या स्पर्धांसाठी कॉलेजची टीम असते, तिथं फ्रेमची हौस फिटते आणि खर्चपण एकट्या बापाच्या डोक्यावर येत नाही.