बसलेला अकिलीस ‘वेगवान पायांचा’ कसा?

‘इलियड’ हे होमरचं प्राचीन ग्रीक महाकाव्य, ग्रीकांनी ट्रॉय नगराशी केलेल्या युद्धाचं. त्याच्या नवव्या सर्गात ग्रीक सैन्य पार मेटाकुटीला आलं आहे. सेनापती अ‍ॅगामेम्नॉननं ग्रीकांचा सगळ्यात मोठा वीर अकिलीस याच्या वाट्याला आलेली बंदिनी ब्रिसेइस हिसकावून घेतली, म्हणून तो लढाई सोडून आपल्या तळावर बसून आहे. त्याची समजूत काढायला ओडिसियस, अजॅक्स आणि म्हातारा फिनिक्स येतात. बघतात तर हा वीणेसारखं एक वाद्य मांडीवर घेऊन पूर्वीच्या वीरांची कीर्ती गातो आहे. पाहुण्यांना खाऊपिऊ घालून तो ओडिसियससमोर बसतो. ओडिसियस नजराण्याची यादी वाचतो: सात तिवया, दहा टॅलेंट सोनं, वीस हंडे, बारा घोडे, शिवाय सात गावं आणि सेनापतीची मुलगी. आणि मग कवी म्हणतो, ‘त्याला वेगवान पायांच्या अकिलीसनं उत्तर दिलं.’

बसलेल्या माणसाचे पाय वेगवान कसे? होमर इथे डुलकी घेतो आहे, असं वाटणं साहजिक आहे. याचं समाधानकारक उत्तर मिळायला विसावं शतक उजाडलं.

मिलमन पॅरी या अमेरिकन अभ्यासकानं 1928 साली पॅरिसमध्ये सादर केलेल्या प्रबंधात या विशेषणांचा हिशोब मांडला. ग्रीक महाकाव्याचं वृत्त षट्पदी, म्हणजे ओळीला सहा पदं. प्रत्येक पदात एक गुरू आणि दोन लघु, म्हणजे आपला भगण, किंवा नुसते दोन गुरू. ओळीच्या शेवटी मोठी जागा उरली तर ‘वेगवान पायांचा अकिलीस’, छोटी उरली तर ‘दिव्य अकिलीस’. त्या प्रसंगी त्याचे पाय काय करताहेत याच्याशी निवडीचा संबंध नाही. पॅरीला आढळलं ते असं की एका पात्रासाठी, वृत्तातल्या एका मापाच्या जागेला, सहसा एकच विशेषण ठरलेलं आहे. इतकी काटकसरी आणि इतकी पुरी पडणारी व्यवस्था एकट्या कवीला बसल्या बैठकीत जमत नाही. तिला गायकांच्या पिढ्या लागतात.

हे सिद्ध करायला तो 1933 ते 1935 या काळात युगोस्लाव्हियात हिंडला. सोबत होता त्याचा विद्यार्थी आल्बर्ट लॉर्ड. तिथले गायक गुस्ले नावाच्या एकतारी वाद्यावर लांबच लांब वीरगीतं गात. त्यांतल्या अव्दो मेजेदोविच या निरक्षर शेतकरी गायकानं 12 हजारांहून जास्त ओळींचं एकच गीत सांगितलं. होमरचं दुसरं महाकाव्य ‘ओडिसी’ साधारण एवढंच आहे. पाठांतराचा हा खेळ नव्हता. तो तयार शब्दजोड्या आणि तयार प्रसंग हाताशी ठेवून गीत गाताना घडवत होता. पॅरी 1935 मध्येच, तेहतिसाव्या वर्षी, गेला. पुढचं काम लॉर्डनं केलं.

त्याआधीचं शतकभराचं भांडण वेगळंच होतं. 1788 मध्ये व्हेनिसमधली ‘इलियड’ची दहाव्या शतकातली हस्तलिखित प्रत छापून आली. तिच्या समासात अलेक्झांड्रियाच्या प्राचीन संपादकांची टिपणं होती. कुठली ओळ खरी, कुठली प्रक्षिप्त, यावर त्या लोकांनीच दोन हजार वर्षांपूर्वी डोकं खपवलेलं दिसलं. 1795 मध्ये जर्मनीत एफ. ए. वोल्फनं प्रश्न टाकला, की लिहिणं माहीत नसलेल्या काळात एवढं काव्य एका माणसानं रचलं कसं? मग अभ्यासकांचे दोन तट पडले: एक होमर की अनेक? मला हा वाद आज कंटाळवाणा वाटतो, पण त्याच्यामुळेच पॅरीचा प्रश्न पुढे आला, हेही खरं.

गायकांच्या या साखळीचं मागचं टोक इसवी सनापूर्वी 1200च्या आसपास जातं. ग्रीसमधल्या मायसिनी, पायलोस इथले राजवाडे त्या सुमाराला कोसळले आणि त्यांची लिपीही विसरली गेली. फिनिशियनांकडून नवी वर्णमाला येईपर्यंत मध्ये काही शतकं गेली. त्या काळात गोष्टी जगल्या त्या तोंडीच. म्हणून ‘इलियड’मध्ये काळांची सरमिसळ आहे. दहाव्या सर्गात ओडिसियस रानडुकराच्या सुळ्यांचं शिरस्त्राण घालतो. ते कवीच्या काळापूर्वी कित्येक शतकं वापरातून गेलेलं होतं. उलट वीरांना अग्नी दिला जातो, तर मायसिनीचे लोक बहुतेक करून मृतांना पुरत. 1952 मध्ये मायकल व्हेंट्रिसनं राजवाड्यांची ती विसरलेली लिपी उलगडली, तेव्हा मातीच्या पाट्यांवर अकिलीस आणि त्याचा ट्रॉयचा शत्रू हेक्टर या नावांची जुनी रूपंही सापडली. वीरांची नव्हेत, कारकुनी नोंदींतल्या साध्यासुध्या माणसांची! ट्रॉयच्या शोधात हिसार्लिकची टेकडी उकरणाऱ्या श्लीमानला 1873 मध्ये सापडलेला ‘प्रायमचा खजिना’ (प्रायम हा काव्यातला ट्रॉयचा राजा) तर ट्रॉयच्या मानल्या गेलेल्या युद्धाहून हजारेक वर्षांनी जुना निघाला.

तर सामग्री वारशाची. विशेषणं, प्रसंग, पात्रं, आणि शेवट काय होणार हेसुद्धा श्रोत्यांना ठाऊक. मग कवीच्या हाती काय उरलं? माझ्या मते, कुठून सुरू करायचं आणि कुठे थांबायचं. ‘इलियड’चा पहिला शब्द आहे ‘मेनिस’, म्हणजे क्रोध. दहा वर्षांच्या युद्धातले जेमतेम पन्नास दिवस तिच्यात येतात. ट्रॉय पाडणारा लाकडी घोडा त्यात नाही, अकिलीसचा मृत्यू नाही. त्याची ती प्रसिद्ध दुबळी टाचही नाही, ती फार नंतरच्या रोमन काळातली. पंधरा हजारांहून जास्त ओळींचं हे काव्य संपतं ते शत्रूच्या, हेक्टरच्या, अंत्यसंस्कारावर. त्याआधी हेक्टरचा म्हातारा बाप प्रायम रात्री अकिलीसच्या तळावर येतो आणि आपल्या मुलांना मारणारे हात चुंबतो. दोघे रडतात, एक मुलासाठी, दुसरा बापासाठी आणि मित्रासाठी. मग जेवतात. अकिलीस विचारतो, अंत्यसंस्काराला किती दिवस हवेत, तेवढे दिवस युद्ध थांबवतो.

या गायनाचा मूळ हेतू मात्र एकच होता, कीर्ती. ग्रीकमध्ये ‘क्लेओस’, शब्दशः जे कानावर येतं ते. आपल्याकडचा वैदिक ‘श्रवस्’ त्याच धातूतून आलेला. अकिलीस ज्याला ‘क्लेओस अफ्थितोन’ म्हणतो, त्याचा सख्खा जोडीदार ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलात ‘श्रवः’ आणि ‘अक्षितम्’ या शब्दांत सापडतो. 1853 मध्ये आडालबर्ट कून यानं हे दाखवून दिलं. ही अख्खी जोडी एकाच पूर्वजाकडून दोघांकडे आली का, यावर वाद होतो. सुट्या शब्दांचं नातं मात्र पक्कं आहे.

आणि नेमकी हीच अक्षय कीर्ती अकिलीस नवव्या सर्गात नाकारतो. आईनं त्याला दोन वाटा सांगितल्या आहेत: इथे राहून लढलास तर परतणं नाही, पण कीर्ती कधी विरणार नाही; घरी गेलास तर कीर्ती नाही, पण आयुष्य लांब. तो म्हणतो, गुरं लुटून आणता येतात, तिवया मिळवता येतात, एकदा दातांच्या कुंपणाबाहेर गेलेला प्राण मात्र परत आणता येत नाही. कीर्ती देण्यासाठीच घडलेल्या काव्यात सगळ्यात मोठा वीर विचारतो, की हा सौदा परवडतो का? शेवटी तो लढतो, पण कीर्तीसाठी नव्हे, मित्र पॅट्रोक्लस मेला म्हणून. ‘ओडिसी’त मेलेल्यांच्या देशात ओडिसियस त्याची स्तुती करू लागतो, तर तो म्हणतो, मेलेल्यांचं राज्य करण्यापेक्षा जमीन नसलेल्या माणसाकडे मजुरीला राहणं मला पत्करेल.

सुरुवातीला तो जे वाद्य वाजवत होता, ते त्यानं लुटीतून उचललेलं होतं. थिबी या गावच्या लुटीतून. हे गाव हेक्टरच्या बायकोचं, अँड्रोमकीचं, माहेर. तिच्या बापाला आणि सात भावांना अकिलीसनंच मारलं होतं. वाद्य कुठल्या लुटीतलं, एवढंच कवी तिथे एका ओळीत सांगून पुढे जातो.

‘ओडिसी’च्या आठव्या सर्गात ओडिसियस परक्या राजाच्या दरबारात नाव लपवून बसला आहे. तो दरबारी आंधळ्या गायकाला म्हणतो, लाकडी घोड्याचं गाणं म्हण. गायक म्हणतो. ट्रॉय पडतं, ओडिसियस जिंकतो. स्वतःची कीर्ती जिवंतपणी स्वतःच्या कानांनी ऐकायला मिळालेला हा माणूस तेव्हा रडू लागतो. कवी उपमा देतो: नगर वाचवताना पडलेल्या नवऱ्याच्या अंगावर बाई ओणवी होऊन आक्रोश करते, आणि मागून शत्रू तिच्या पाठीत भाले टोचत तिला दासी करून न्यायला उठवतात, तसा तो रडत होता.