नाईन म्हणजे कितवं? टॅलीच्या आकड्यांची पार्श्वभूमी

2017 च्या जुलैत, जीएसटी लागू झाला त्याच आठवड्यात, कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डातल्या एका गुळाच्या अडतीत मालक मला म्हणाले, "आमच्याकडं नाईनच हाय की, मग जीएसटी कुटं दिसंना?" बरोबरच होतं त्यांचं, त्यांच्या टॅलीचं, म्हणजे हिशोबाच्या सॉफ्टवेअरचं, नाव नाईनच होतं. पण स्क्रीनच्या खालच्या पट्टीत बारीक अक्षरात रिलीज 4 पॉइंट काहीतरी होतं आणि जीएसटी आला रिलीज 6 ला.

पूर्वी सोपं होतं. 5.4, 6.3, 7.2 असा आकडा वाढायचा, व्हॅटच्या वेळी "सेव्हन टू हाय का" विचारलं की भागायचं. 2006 ला टॅली 9 आलं, 2009 ला त्याचं ईआरपी 9 झालं आणि घोळ सुरू झाला तो इथंच. नाव बदललं, 9 तसाच राहिला आणि शेजारी रिलीज 1, 2, 3 अशी दुसरीच मोजणी चालू. म्हणजे 9 हे व्हर्जन उरलंच नाही, आडनावासारखं चिकटलं ते, तब्बल 11 वर्षं. काही जण म्हणतात गिऱ्हाइकाला ओळखीचं नाव बरं असतं, असेल, पण मला वाटतं खपलेलं नाव मोडायची छाती झाली नाही. त्यात लायसनचं सिल्व्हर-गोल्ड वेगळंच. गोल्डमध्ये फीचर जास्त असतात असं लोक धरून चालतात, फरक असतो तो एकजण वापरणार का अनेकजण एवढाच.

विंडोज तरी कुठं शहाणं, 7 आतून 6.1 होतं कारण जुने प्रोग्रॅम पहिला आकडा बघून अडायचे, मग 8 नंतर एकदम 10, आणि 11 आजपण आतून 10.0 च सांगतं.

2020 ला टॅलीप्राइम आलं, 9 एकदाचा गेला, पण रिलीज परत 1.0 पासून. ईआरपी 9 च्या रिलीज 6.6 वाल्याला 1.0 घ्या म्हटल्यावर तो माझ्याकडं बघतच बसायचा. 2023 च्या 3.0 मध्ये डेटा मायग्रेट करावा, म्हणजे नव्या साच्यात बदलून घ्यावा लागला आणि तो जुन्या रिलीजमध्ये उघडत नाही, म्हणून सीएकडं पेनड्राइव्ह पाठवण्याआधी त्यांचं रिलीज विचारावं लागतं.

परवा त्याच अडतीतनं दिवाणजींचा फोन, "नाईनचं नवीन आलंय काय?" म्हटलं स्क्रीनवर काय लिवलंय बघा.

"प्राइम लिवलंय. पण नाईनच हाय ते."