चंद्रप्रकाशातली रानडुकरं आणि ५६ मिलिमीटरचं भिंग

जर्मनी-ऑस्ट्रियातल्या शिकाऱ्याच्या रायफलवर ८×५६ ची जाडजूड दुर्बीण, म्हणजे स्कोप, सर्रास दिसते: आठ पट मोठं दाखवणारी, पुढचं भिंग ५६ मिलिमीटर व्यासाचं. अमेरिकेत मात्र बहुतेकांचं ३-९×४० वर, म्हणजे तीन ते नऊ पट मोठं दाखवणाऱ्या ४० मिलिमीटरच्या भिंगावर, भागतं. या फरकाचं मूळ बऱ्याच अंशी कायद्यात आहे.

जर्मनीच्या १९५२ च्या शिकार कायद्याने खुरवाल्या जनावरांना रात्री अभय दिलं. सूर्यास्तानंतर दीड तासापासून सूर्योदयाआधी दीड तासापर्यंत त्यांच्यावर गोळी झाडायची नाही. अपवाद रानडुकरांचा, कारण मका आणि बटाट्याच्या शेतात ती रात्रीच शिरतात. पण त्याच कायद्याने दिवे, आरसे आणि रात्री पाहायची विद्युत उपकरणंही वर्ज्य ठरवली. आपल्याकडे मचाणावरून शिकार चालायची तेव्हा बंदुकीला टॉर्च बांधत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आणि १९९१ च्या दुरुस्तीने शिकारच थांबली, आणि ते योग्यच झालं. जर्मन शिकाऱ्याच्या हाती उरलं ते चांदणं आणि काच. अमेरिकेत बऱ्याच राज्यांत हरणांच्या शिकारीची वेळ सूर्यास्तानंतर अर्ध्या तासात संपते, म्हणून तिथे एवढ्या मोठ्या भिंगाची निकड कमी.

५६ हा आकडा आला डोळ्याच्या मापावरून. स्कोप हातभर लांब धरून आभाळाकडे रोखला, की मागच्या भिंगात प्रकाशाचा एक लहानसा गोल ठिपका दिसतो. पुढच्या भिंगाच्या व्यासाला मोठेपणाच्या पटीने भागलं की त्या ठिपक्याचं माप निघतं: ५६ भागिले ८, म्हणजे ७ मिलिमीटर. तरुण माणसाची बाहुली काळोखात साधारण तेवढीच उघडते. ४० चं भिंग ९ पटीवर नेलं, तर ठिपका साडेचार मिलिमीटरच्याही आत येतो आणि चित्र काळवंडतं. वयाबरोबर बाहुली आक्रसते, त्यामुळे साठीतल्या शिकाऱ्याला ७ मिलिमीटरचा पुरा लाभ मिळत नाही. स्कोप अंधार उजळवतो हा समज चुकीचा आहे. कितीही महाग स्कोप घेतला तरी झुडपाखालची सावली नुसत्या डोळ्याला दिसते त्याहून उजळ होत नाही. ती फक्त मोठी दिसते, आणि तेवढ्यानेच डुकराचं तोंड कुठल्या बाजूला आहे हे कळू शकतं.

पण या हिशेबात काचेमुळे वाया जाणारा प्रकाश धरलेला नाही. खरी क्रांती तिथे झाली, असं मला ठामपणे वाटतं. काच आणि हवा जिथे भेटतात, अशा प्रत्येक पृष्ठभागावर चार-पाच टक्के प्रकाश परत फिरतो. स्कोपमध्ये असे दहा पृष्ठभाग असले, तर जवळजवळ एकतृतीयांश प्रकाश वाटेतच जातो, शिवाय आतल्या आत परावर्तित होऊन चित्र धुरकट करतो. १८९० च्या दशकात इंग्लंडमधल्या यॉर्कच्या भिंगतज्ज्ञ हॅरॉल्ड डेनिस टेलर यांच्या लक्षात आलं होतं, की जुनी, डागाळलेली भिंगं नव्यापेक्षा जास्त प्रकाश सोडतात. मुद्दाम तसा थर चढवायची व्यवहार्य रीत मात्र १९३५ मध्ये सापडली. जर्मनीत येना इथल्या झाइस या भिंगं बनवणाऱ्या कंपनीत मूळचे युक्रेनियन अलेक्झांडर स्माकुला यांनी निर्वात पोकळीत काचेवर परावर्तन कमी करणारा अतिशय पातळ लेप बसवला. दुसऱ्या महायुद्धात तो लष्करी गुपित राहिला, नंतर बाजारात आला. पुढे एकावर एक लेप चढत गेले आणि आजचे उत्तम स्कोप नव्वद टक्क्यांच्या आसपास प्रकाश डोळ्यापर्यंत पोचवतात.

नेम धरायची बारीक उभी-आडवी रेघ, म्हणजे क्रॉसहेअर, काळोखात हरवते, म्हणून जर्मन रेटिकलमध्ये (स्कोपमधल्या नेमाच्या खुणेत) तीन बाजूंनी जाड पट्ट्या आल्या. मध्यभागी बॅटरीवर पेटणारा लाल ठिपका त्यानंतरचा.

२०२० मध्ये जर्मनीने शस्त्र कायदा बदलून स्कोपला जोडायची रात्रदर्शक उपकरणं शिकाऱ्यांना खुली केली. ती प्रत्यक्ष वापरू द्यायची की नाही, हे राज्यांकडे राहिलं. पूर्वेकडून सरकणाऱ्या आफ्रिकन स्वाइन फिव्हर या डुकरांच्या जीवघेण्या साथीची धास्ती त्यामागे होती, आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ब्रांडेनबुर्ग या जर्मन राज्यात त्या रोगाचं देशातलं पहिलं डुक्कर सापडलं. असं उपकरण स्कोपच्या पुढे बसवलं, की शिकारी एका छोट्या पडद्याचा उजेड पाहत असतो आणि ५६ मिलिमीटरच्या भिंगाला फारसं काम उरत नाही.