कृष्णधवल छायाचित्रण : सर्जनशील अंगे (नाशिक परिसराच्या संदर्भासह)

कृष्णधवल छायाचित्रण : दृश्यातील रंग बाजूला ठेवून केवळ उजेड-सावलीच्या चढउतारांवर, म्हणजे काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या करड्या छटांवर, प्रतिमा उभी करण्याची छायाचित्रणपद्धती. छायाचित्रणाच्या पहिल्या शतकात ती बव्हंशी सक्तीची होती. रंगीत फिल्म सहज मिळू लागली तेव्हा तिला निवडीचे रूप आले. प्रस्तुत नोंदीत कोणत्या रंगाची कोणती करडी छटा होते आणि ती ठरवण्यात छायाचित्रकाराला किती मोकळीक मिळते, यावर भर दिला आहे. उदाहरणे मुख्यतः नाशिक व परिसरातली आहेत. काळा पाषाण, शेंदूर, तांब्या-पितळेची भांडी, नदीचे पाणी आणि पैठणीचे काठ इतक्या जवळजवळ सापडणारी ठिकाणे थोडीच.

आरंभाचा प्रश्न : टिकून राहिलेले सर्वांत जुने कॅमेरा-छायाचित्र म्हणजे फ्रान्समध्ये निसेफोर नीएप्स यांनी आपल्या घराच्या खिडकीतून टिपलेले दृश्य. हेल्मुट गर्नशाइम यांनी १९५२ मध्ये ते पुन्हा उजेडात आणले आणि १८२६ हे वर्ष दिले. पुढील अभ्यासकांचा कल १८२७ कडे आहे व तो अधिक ग्राह्य वाटतो. एक्स्पोजरच्या (प्रकाश पडू देण्याच्या) काळाबद्दलही एकमत नाही. आठ तास हा जुन्या ग्रंथांतला आकडा. त्याच पद्धतीने प्रयोग करून पाहिलेल्यांच्या मते काही दिवस लागले असावेत. १८३९ मध्ये लुई दागेर यांची, धातूच्या पत्र्यावर एकच प्रत देणारी, पद्धत जाहीर झाली. १८४१ मध्ये इंग्लंडच्या टॅल्बट यांनी कॅलोटाइप या कागदी निगेटिव्हच्या पद्धतीचे पेटंट घेतले आणि एका निगेटिव्हवरून हव्या तितक्या प्रती काढण्याची वाट खुली झाली.

या मंडळींना कृष्णधवल कलेचे आद्य प्रवर्तक म्हणावे काय, याविषयी दोन मते आहेत. पहिल्या मताने कलेचा इतिहास इथूनच मोजावा. दुसऱ्या मताने, रंगाचा पर्यायच नव्हता तिथे रंग सोडला असे म्हणता येत नाही. म्हणून १९०७ मध्ये ल्यूमिएर बंधूंच्या ऑटोक्रोम नावाच्या रंगीत छायाचित्रणाच्या काचा विक्रीला आल्या, किंवा त्याहून नेमके सांगायचे तर १९३५ मध्ये कोडाक्रोम ही रंगीत फिल्म आली, तिथपासून मोजावे. सर्जनशील लाभाचा विचार करताना दुसरे मत सोयीचे ठरते. कलासंग्रहालयांनी मात्र रंगीत छायाचित्राला दीर्घकाळ ओसरीवरच ठेवले. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयातील विल्यम एगल्स्टन यांचे १९७६ चे प्रदर्शन हा त्या बाबतीतला वळणबिंदू मानतात.

मुंबई इलाख्यात छायाचित्रण लवकर रुजले. मुंबईची फोटोग्राफिक सोसायटी १८५४ ची, डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू नारायण दाजी यांची नावे तिच्याशी निगडित आहेत. १८५५ च्या सुमारास एल्फिन्स्टन संस्थेत छायाचित्रणाचा वर्गही निघाला. नाशिकच्या बाजूने ठळक नाव दादासाहेब फाळके यांचे (१८७०–१९४४). जन्म त्र्यंबकेश्वरचा, मृत्यू नाशिकचा. चित्रपटाकडे वळण्यापूर्वी त्यांनी गोध्र्यात छायाचित्रांचा व्यवसाय केला होता आणि तीनरंगी छपाई शिकण्यासाठी ते जर्मनीला जाऊन आले होते. रंग वेगळे काढून पुन्हा जुळवण्याचे तंत्र हाती असलेल्या या माणसाने पुढे नाव कमावले ते रंग न दिसणाऱ्या फिल्मवर.

फिल्मला दिसणारे रंग : चांदीच्या क्षारांना स्वभावतः निळा, जांभळा आणि अतिनील प्रकाशच जाणवतो. त्यामुळे एकोणिसाव्या शतकातल्या देवळांच्या व घाटांच्या छायाचित्रांत आकाश कोरे पांढरे दिसते. तिथे ढग नव्हते असे नाही; निळे आकाश आणि पांढरा ढग दोन्ही (फिल्मपूर्वी वापरात असलेल्या, क्षारांचा लेप दिलेल्या) काचेवर सारखेच उमटत. फ्रान्समध्ये गुस्ताव्ह ल ग्रे यांनी १८५० च्या दशकात समुद्राची एक आणि आकाशाची एक अशा दोन निगेटिव्ह जोडून हा प्रश्न सोडवला. १८७३ मध्ये हेर्मान फोगेल यांना असे आढळले, की विशिष्ट रंजकद्रव्ये मिसळल्यास क्षारांना हिरवा प्रकाशही जाणवतो. यातून ऑर्थोक्रोमॅटिक काचा व फिल्म आल्या. तांबड्यासह सर्व दृश्य रंग टिपणाऱ्या पॅनक्रोमॅटिक काचा १९०६ पासून बाजारात मिळू लागल्या, तरी त्यांचा सार्वत्रिक वापर व्हायला बरीच वर्षे गेली.

याचा परिणाम घरोघरच्या जुन्या फोटोंत पाहता येतो. आजीच्या कपाळावरचे ठसठशीत कुंकू ऑर्थो काचेवर काळे उमटले आहे. गव्हाळ चेहराही आहे त्याहून सावळा दिसतो, कारण कातडीतला तांबूसपणा फिल्मला दिसलेलाच नाही. स्टुडिओत चेहऱ्याला पावडर फासण्याच्या प्रथेमागे हेही एक कारण होते. डार्करूममध्ये लाल बल्ब लावून कागद धुता येतो, तोही याच तत्त्वावर: छपाईच्या नेहमीच्या कागदाला लाल दिसत नाही. पॅनक्रोमॅटिक रोल मात्र मिट्ट काळोखातच उघडावा लागतो.

गोदाघाटावरचा दुतोंड्या मारुती हे याचे उत्तम उदाहरण. (पूर आला की पाणी त्याच्या गुडघ्याला, कमरेला की गळ्याला लागले, यावरून नाशिककर गोदावरीचा अंदाज घेतात.) शेंदरी मूर्ती आणि मागे काळ्या दगडाचा घाट ही जोडी ऑर्थो फिल्मवर टिपली तर शेंदूर दगडाच्या जवळपास उतरतो आणि मूर्ती पार्श्वभूमीत बुडते. पॅनक्रोमॅटिक फिल्मवर साधे छायाचित्र काढल्यास मूर्ती मध्यम करडी येते. कॅमेऱ्याला लाल फिल्टर लावला तर तीच मूर्ती जवळजवळ पांढरी होऊन घाटापासून सुटते. वर आकाश निळे असल्यास ते काळवंडते. एकच मूर्ती, एकाच उन्हात, तीन स्वभावांची. यांतली ‘खरी’ कोणती हा प्रश्न गैरलागू आहे, आणि कृष्णधवल माध्यमाचा पहिला सर्जनशील लाभ इथेच दिसतो: रंगीत छायाचित्रात शेंदराला शेंदरीच राहावे लागते, इथे तो किती उजळ असावा हे छायाचित्रकार ठरवतो.

फिल्टरसाठी प्रकाशाची किंमत मोजावी लागते. फिकट पिवळ्या फिल्टरला साधारण एक स्टॉप (म्हणजे दुप्पट एक्स्पोजर), गडद लाल फिल्टरला तीन स्टॉप, म्हणजे आठपट एक्स्पोजर. लाल फिल्टरने दूरच्या डोंगरावरचा निळसर धूसरपणा कमी होतो; मात्र हिवाळ्याच्या पहाटे गंगापूर धरणावर साचणारे धुके हटत नाही, कारण धुक्याचे थेंब मोठे असल्याने ते सर्व रंग सारखेच विखुरतात. हा फरक ठाऊक नसल्याने फिल्टरला नावे ठेवणारे पुष्कळ.

डिजिटल चित्रात हेच गणित अंकांत मांडता येते. संगणकाच्या एका रूढ सूत्रात करडी छटा काढताना तांबड्याला ०.२९९, हिरव्याला ०.५८७ आणि निळ्याला ०.११४ असे वजन देतात. येवल्याच्या पैठणीचा लाल पदर २००, ३०, ४० आणि हिरवा काठ २०, १२०, ४० या मूल्यांचा (तांबडा, हिरवा, निळा या क्रमाने; ० म्हणजे काळे, २५५ म्हणजे पूर्ण उजळ) आहे असे धरू. सूत्राने पदर ८२ येतो आणि काठ ८१. विणकराने रंगाच्या विरोधावर उभा केलेला सारा थाट एका अंकाच्या फरकावर येऊन सपाट होतो. उरते ती जर, कारण तिची चमक उजेडावर चालते. तेच चित्र केवळ तांबड्या वाहिनीतून (म्हणजे फक्त तांबड्याच्या मूल्यांवरून) काढले तर पदर २०० आणि काठ २०. हिरव्या वाहिनीतून काढले तर पदर ३०, काठ १२०. ‘ब्लॅक अँड व्हाइट’ असे बटण दाबून मिळणाऱ्या चित्रांबद्दल ती मळकट दिसतात अशी जी तक्रार ऐकू येते, तिचे मूळ बहुतेक वेळा इथे असते. भांडी बाजारातली तांब्याची घागर आणि पितळी हंडा तांबड्या वाहिनीत जवळपास सारखेच उजळतात. हिरव्या वाहिनीत तांबे खाली जाते आणि दोन धातू वेगळे कळतात.

पाषाण, पाणी, ऊन : दख्खनच्या बेसाल्टला रंग असा थोडाच असतो, त्याचे रूप पोतावर आणि टाकीच्या घावांवर आहे. म्हणून काळाराम मंदिर (सरदार रंगराव ओढेकर यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस, बहुधा १७९० च्या सुमारास बांधलेले), नारोशंकराचे मंदिर किंवा सिन्नरचे गोंदेश्वर येथे रंग काढून टाकल्याने फारसे काही कमी होत नाही. उलट फलकांचे, प्लास्टिकच्या ताडपत्र्यांचे भडक रंग गप्प होतात आणि शिल्पाला बोलायला जागा मिळते. अडचण एक्स्पोजरची आहे. कॅमेऱ्यातला प्रकाश मोजणारा मीटर समोरचे सारे मध्यम करडे, सुमारे १८ टक्के प्रकाश परतवणारे, धरून चालतो. काळ्या भिंतीने चौकट भरली की तो प्रकाश वाढवतो आणि काळा पाषाण सिमेंटसारखा उतरतो. एक ते दीड स्टॉप कमी ठेवल्यास दगड आपल्या जागी येतो. अँसेल अ‍ॅडम्स व फ्रेड आर्चर यांनी १९४० च्या आसपास मांडलेली झोन पद्धती हेच शून्य ते दहा अशा अकरा पायऱ्यांत शिकवते: सावलीतला कोणता भाग किती काळा हवा, हे आधी मनाशी ठरवायचे, मग मीटर वाचायचा. पावसात भिजलेला बेसाल्ट अधिक गडद होतो, पण त्यावर आकाशाची चकाकी बसते. त्यामुळे एरवी उन्हाळी दुपारी कंटाळवाणी दिसणारी रामकुंडाची पायऱ्यांची ओळ आषाढातल्या ढगाळ दिवशी काळ्या-पांढऱ्या रेघांची होते.

पांडवलेणी (त्रिरश्मी) येथील २४ लेण्यांची तोंडे मुख्यतः उत्तर-ईशान्येकडे असल्याने आतला प्रकाश बहुतांशी परावर्तित, मऊ असतो. उन्हाळ्यातल्या सकाळी ऊन तिरपे येते तेव्हा दर्शनी भागावरचे ब्राह्मी लेख सावलीने उठून दिसतात. तिसऱ्या लेण्यातल्या सातवाहन राणी गौतमी बलश्रीच्या लेखाचा अभ्यास करणाऱ्यांना रंगाची गरज कधीच भासली नाही. पुराभिलेखतज्ज्ञ कागदावर शाईने जो ठसा घेतात, तोही कृष्णधवलच.

जुन्या नाशकातल्या वाड्यांत लाभ वेगळ्या प्रकारचा आहे. चौकातून निळसर उजेड, माजघरात पिवळा बल्ब, जिन्यात ट्यूबलाइट. रंगीत चित्रात यांचा मेळ काही केल्या बसत नाही. कृष्णधवलात तिन्ही उजेड एकाच भाषेत येतात आणि नजर खांबाच्या नक्षीकडे, दारात बसलेल्या म्हाताऱ्या माणसाच्या हातांकडे जाते. अंधारामुळे आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदनशीलता) वाढवावा लागला तरी येणारा खरखरीतपणा फिल्मच्या ग्रेनसारखा भासून खपून जातो. रंगीत ठिपक्यांना तशी माफी मिळत नाही.

मतभेद : रंग काढल्याने चित्र आपोआप कलात्मक होते, हे लोकप्रिय मत अभ्यासक मानत नाहीत. छायाचित्रकार रघुबीर सिंह (१९४२–१९९९) यांनी तर भारतीय दृष्टी मुळातच रंगांची आहे आणि कृष्णधवल ही पाश्चात्त्य संवेदना आहे, अशी भूमिका घेऊन आयुष्यभर रंगीत काम केले. या भूमिकेत तथ्य आहे, पण ती सरसकट लावता येत नाही. १९८४ च्या भोपाळ वायुदुर्घटनेनंतर एका अज्ञात बालकाचे दफन रघु राय यांनी कृष्णधवलात आणि पाब्लो बार्थोलोम्यू यांनी रंगीत टिपले. दोन्ही छायाचित्रे जगभर गेली आणि दोन्ही टिकली. रंगीत चित्रात मातीचा आणि कातडीचा रंग घटनेला त्या दिवसाशी बांधून ठेवतो, कृष्णधवल चित्र तो चेहरा दिवसापासून सोडवते. कोणते श्रेष्ठ, हा वाद व्यर्थ होय. दुसरे एक मत असे, की कृष्णधवलाचा खरा उपयोग सरावाचा: काही काळ रंगाविना काम केले की प्रकाशाची दिशा दिसू लागते. शिकवणाऱ्यांचा अनुभव याला दुजोरा देतो.

सध्याचा व्यवहार : बहुतेक डिजिटल कॅमेऱ्यांच्या संवेदकावर ब्राइस बेयर यांनी योजलेली (पेटंट १९७६) रंगगाळणी असते, निम्मे बिंदू हिरवे, पाव तांबडे, पाव निळे. रॉ (संवेदकाची मूळ, प्रक्रिया न केलेली माहिती जपणाऱ्या) स्वरूपात टिपून पडद्यावर कृष्णधवल दाखवण्याची सोय ठेवली तर डोळ्यांसमोर करडे चित्र राहते आणि रंगांची माहितीही जपली जाते, त्यामुळे वाहिन्यांचे प्रमाण नंतर बदलता येते. नुसते जेपेग कृष्णधवलात घेतले तर ती वाट बंद होते. गाळणीच नसलेले कॅमेरेही निघाले (लायका, २०१२). त्यांत तपशील बारीक येतो, प्रकाश अधिक मिळतो, पण शेंदूर आणि हिरवे पान वेगळे काढायचे तर भिंगापुढे काचेचा फिल्टर लावावा लागतो, म्हणजे निर्णय बटण दाबण्यापूर्वीच घ्यावा लागतो. फिल्मवर काम करणारे अजून आहेत. रोल धुणे, हायपोत (चित्र स्थिर करणाऱ्या रसायनात) स्थिर करणे आणि नंतर भरपूर पाण्यात धुणे, ही पद्धत बदललेली नाही. हायपो कागदात राहिला तर प्रत काही वर्षांत पिवळी पडते.

मर्यादा : जिथे रंग हीच माहिती असते तिथे ही पद्धती निरुपयोगी ठरते. द्राक्षबागेत मण्यांचा रंग पाहून पक्वता जोखायची असेल, तर करडी छटा काहीच सांगत नाही. मात्र अवरक्त प्रकाश टिपणाऱ्या कॅमेऱ्यात त्याच बागेतली पाने पांढरीशुभ्र येतात (हा परिणाम १९१० मध्ये छायाचित्रे प्रसिद्ध करणाऱ्या रॉबर्ट वुड यांच्या नावाने ओळखला जातो). रंगपंचमीला जुन्या नाशकातल्या पेशवेकालीन म्हणवल्या जाणाऱ्या रहाडी (रंगीत पाण्याचे हौद) उघडतात, तेव्हा रहाडीगणिक रंग वेगळा असतो आणि लोकांना तोच आठवतो. कृष्णधवल चित्रात पिवळी कोणती, गुलाबी कोणती, हे कळायला मार्ग नाही. तिथे धप्पा मारणाऱ्याचा (रहाडीत उडी घेणाऱ्याचा) हवेतला देह आणि उडालेले पाणी एवढेच हाती लागते, आणि त्यासाठी सेकंदाचा किमान पाचशेवा भाग इतका शटर वेग ठेवावा लागतो.