अनुदानप्रस्ताव आणि अनुदान-व्यवस्थापन

अनुदानप्रस्ताव व अनुदान-व्यवस्थापन (स्वयंसेवी संस्थांचे) : एखाद्या ठरावीक सामाजिक कामासाठी शासन, कंपनी, न्यास किंवा परदेशी देणगीदार संस्था यांच्याकडे निधी मागताना स्वयंसेवी संस्था जो लेखी आराखडा सादर करते, त्याला अनुदानप्रस्ताव म्हणतात; निधी मंजूर झाल्यापासून शेवटचे उपयोगिता प्रमाणपत्र (निधी ठरलेल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला) स्वीकारले जाईपर्यंत त्या पैशाचा, कामाचा आणि कागदपत्रांचा सांभाळ करणे हे अनुदान-व्यवस्थापन होय. अनुदान परत फेडायचे नसल्याने ते कर्जाहून वेगळे असते, आणि ठरलेल्या कामावरच खर्च करायचे असल्याने सर्वसाधारण देणगीहूनही वेगळे असते. संस्थांच्या बोलीत यांना अनुक्रमे ‘प्रपोजल टाकणे’ आणि ‘प्रोजेक्ट चालवणे’ म्हणतात. पुष्कळ संस्थांत ही कामे दोन वेगळ्या माणसांकडे असतात. प्रस्ताव लिहिणारा अंदाजपत्रकात जे मांडून जातो ते पुढे हिशेबनिसाला निस्तरावे लागते, आणि अनुदानावरून होणाऱ्या बहुतेक कुरबुरींचे मूळ तेथेच असते.

मराठवाड्यात संस्थात्मक कामाची वाढ मुख्यतः दुष्काळ आणि भूकंप यांच्या मागोमाग झाली. १९७२ च्या दुष्काळानंतरच्या दशकात, १९८२ साली, अंबाजोगाई येथे डॉ. द्वारकादास लोहिया यांनी मराठवाडा नवनिर्माण लोकायत म्हणजे ‘मानवलोक’ ही संस्था उभी केली. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर लातूर व तत्कालीन उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यांत देशविदेशातून मदत आली आणि जागतिक बँकेच्या साहाय्याने पुनर्वसनाचा मोठा कार्यक्रम राबवला गेला. जालना जिल्ह्यातील कडवंची येथे मराठवाडा शेती साहाय्य मंडळाने राबवलेले पाणलोट क्षेत्र विकासाचे (पावसाचे पाणी शिवारातच अडवून जिरवण्याचे) काम नाबार्ड या राष्ट्रीय कृषी व ग्रामीण विकास बँकेमार्फत चालणाऱ्या इंडो-जर्मन कार्यक्रमातले होते. त्या कार्यक्रमात गावाचे श्रमदान आणि ग्राम पाणलोट समिती यांना स्थान असल्याने निधीचा हिशेब संस्थेच्या कपाटातून गावाच्या बैठकीत आला, ही त्याची मोठी देणगी मानावी लागेल.

प्रस्तावापूर्वीची कागदपत्रे महाराष्ट्रात साधारण ठरलेली आहेत. बहुतेक संस्था १८६० च्या संस्था नोंदणी अधिनियमाखाली आणि १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखाली अशा दोन्हीकडे नोंदलेल्या असतात. प्राप्तिकरातील १२ए (संस्थेच्या उत्पन्नाला करमाफी) व ८०जी (देणगीदाराला करसवलत) या नावांनी परिचित असलेल्या नोंदण्या, नीती आयोगाच्या दर्पण या स्वयंसेवी संस्थांच्या नोंदणी-पोर्टलवरील क्रमांक आणि तीन वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल बहुधा सर्वत्र मागितले जातात. विश्वस्त बदलूनही धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज दाखल न करणे ही येथली जुनी खोड आहे. परिशिष्ट एकवर, म्हणजे त्या कार्यालयातील न्यासाच्या नोंदीच्या उताऱ्यावर, निवर्तलेल्या विश्वस्तांची नावे तशीच राहिली, तर प्रस्ताव कितीही चांगला असला तरी पहिल्याच छाननीत अडकतो.

निधीच्या प्रत्येक स्रोताची अट वेगळी असते. कंपनी अधिनियम, २०१३ च्या कलम १३५ नुसार ठरावीक मर्यादेवरच्या कंपन्यांनी मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक उत्तरदायित्वावर, म्हणजेच सीएसआरवर खर्च करावी लागते, आणि तसे करताना आपल्या कामकाजाच्या परिसराला प्राधान्य द्यावे लागते. वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा येथील कारखान्यांचा निधी त्यामुळे साहजिकच छत्रपती संभाजीनगरच्या आसपास फिरतो. हिंगोली किंवा परभणीतल्या संस्थेला परिसराबाहेर का यावे, हे कंपनीला पटवून द्यावे लागते. सीएसआरचा निधी घेणाऱ्या संस्थेला १ एप्रिल २०२१ पासून कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे सीएसआर-१ या नमुन्यातील नोंदणी सक्तीची आहे. परदेशी निधीसाठी विदेशी अंशदान (विनियमन) अधिनियम, २०१० लागू होतो. त्यातील २०२० च्या दुरुस्तीने प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आणली, हा निधी दुसऱ्या संस्थेला देण्यास मनाई केली आणि तो प्रथम नवी दिल्लीतील स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच स्वीकारण्याचे बंधन घातले. मोठ्या संस्थेच्या हाताखाली तालुक्यात काम करणाऱ्या लहान संस्थांची वाट त्यामुळे बंद झाली.

प्रस्तावाच्या मांडणीत समस्या, उद्दिष्टे, कार्यक्रम, अपेक्षित बदल, देखरेख आणि अंदाजपत्रक हे भाग येतात. त्यांचा परस्परसंबंध एका तक्त्यात दाखवण्याची ‘लॉगफ्रेम’ ही पद्धत अमेरिकेच्या यूएसएड या संस्थेसाठी १९६९ च्या सुमारास तयार झाली. समस्येचे वर्णन करताना ‘मराठवाडा हा कायम दुष्काळी भाग आहे’ या वाक्याने सुरुवात करण्याचा मोह फार होतो. तपासणाऱ्याने ते अनेकदा वाचलेले असते. त्याऐवजी प्रस्तावित गावात टँकर कोणत्या महिन्यात सुरू होतो, विहिरी किती आणि त्यांतल्या मार्चअखेर पाणी टिकणाऱ्या किती, एवढे लिहिले तरी प्रस्तावाला वजन येते.

प्रस्तावाचा खरा कस अंदाजपत्रकात लागतो. ३० मीटर लांब, ३० मीटर रुंद आणि ३ मीटर खोल शेततळ्याची खोदाई, बाजूंचा उतार १:१ धरल्यास (म्हणजे दर मीटर खोलीला प्रत्येक बाजू एक मीटर आत घेतल्यास), २,१९६ घनमीटर भरते. तीच लांबी, रुंदी, खोली नुसती गुणली तर उत्तर २,७०० येते आणि अंदाज सुरुवातीलाच पाचशे घनमीटरने फुगतो. पुढचा प्रश्न जमिनीचा. वर काळी माती, खाली मुरूम आणि त्याखाली बेसाल्टचा खडक हा येथला नेहमीचा थर. मुरूम दीड मीटरवर संपून खडक लागला, तर मुरमाच्या दराने काढलेला खर्च कोलमडतो. त्यामुळे जाणकार कार्यकर्ते प्रस्तावाआधी चाचणी खड्डा घेतात आणि माती, मुरूम, खडक यांचे दर वेगळ्या ओळींत दाखवतात. लेखापाल, प्रवास, लेखापरीक्षण यांचा खर्च ‘देणगीदाराला आवडत नाही’ म्हणून गाळणे ही मात्र स्वतःचीच फसवणूक आहे, कारण ती कामे टळत नाहीत आणि त्यांचे पैसे पुढे भलत्याच शीर्षाखाली टाकावे लागतात.

वेळापत्रकात दोन कालगणनांचा मेळ घालावा लागतो. आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपते. बांधबंदिस्ती आणि खोदाई मात्र पिके निघाल्यावर, पावसाळ्यापूर्वी करायची असते. मंजुरी दिवाळीत आणि पहिला हप्ता जानेवारीत आला, तर मार्चअखेर खर्च दाखवण्याची घाई होते आणि कामाचे दिवस तर त्यानंतर उरलेले असतात. बीड जिल्ह्यातील ऊसतोड मजुरांची कुटुंबे दिवाळीच्या आगेमागे कोयता घेऊन बाहेर पडतात आणि साखर कारखान्यांचा पट्टा पडल्यावर, म्हणजे गाळप संपल्यावर, परततात. अशा गावात डिसेंबरमध्ये पायाभूत सर्वेक्षण (काम सुरू होण्यापूर्वीच्या स्थितीची पाहणी) ठेवले, तर घरी म्हातारी माणसे आणि कुलुपेच भेटतात.

निधी आल्यावर कार्यकारिणीचा ठराव, प्रकल्पनिहाय स्वतंत्र खातेवही आणि प्रत्येक खर्चाचे व्हाउचर ही किमान शिस्त होय. एका व्हाउचरला कोटेशनांचा तुलनात्मक तक्ता, बिल, माल मिळाल्याची नोंद आणि बँकेतून रक्कम दिल्याचा पुरावा जोडलेला असावा. मजुरीच्या व्हाउचरला हजेरीपत्रक लागते. एकच मजूर एकाच तारखेला दोन प्रकल्पांच्या मस्टरवर दिसणे, किंवा बिलाची तारीख कोटेशनच्या आधीची असणे, या चुका लेखापरीक्षकाच्या नजरेतून सुटत नाहीत. एका शीर्षातील रक्कम दुसऱ्याकडे वळवायची असल्यास देणगीदाराची लेखी संमती खर्चापूर्वी घ्यावी लागते. फोनवर मिळालेला होकार फायलीत लागत नाही.

प्रकल्प संपल्यावर शिल्लक रक्कम, उपकरणांची नोंदवही आणि उपयोगिता प्रमाणपत्र यांचा निकाल लावायचा असतो. केंद्र शासनाच्या अनुदानाचे हे प्रमाणपत्र सामान्य वित्तीय नियमावली, २०१७ मधील १२-ए नमुन्यात, आर्थिक वर्ष संपल्यापासून बारा महिन्यांत द्यावे लागते. अनुदान बँकेत पडून असताना त्यावर मिळालेले व्याज संस्थेचे उत्पन्न समजले जाते आणि किरकोळ खर्चात जिरते, असे बऱ्याचदा घडते. वस्तुतः त्याच नियमावलीनुसार ते शासनाकडे जमा करावयाचे असते.