भिंतीवरची पूररेषा

गोदेला किती पाणी आलं, हे नाशिककर नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे बघून सांगतो : कमरेपर्यंत, छातीपर्यंत, गळ्यापर्यंत. इंदिरानगरात मावशीकडे मला तसाच पूर घराच्या भिंतीवर दिसला. जमिनीपासून अडीच फूट रंगाचे पोपडे, त्यांच्यावर आडवी तपकिरी रेघ आणि रेघेलगत पांढरा खार, नखाने खरवडला तर पिठासारखा हाती येणारा. तीन वर्षांत दोनदा ‘वॉटरप्रूफ’ रंग देऊन झाला होता. शेजारच्या काकूंचं निदान तयार होतं : नैऋत्येची भिंत ओलावते, म्हणजे वास्तुदोष.

नैऋत्येची भिंत जास्त भिजते, हे खरंच. आपल्याकडे पाऊस आणणाऱ्या वाऱ्यांचं नावच नैऋत्य मोसमी वारे आहे, सपकारे त्या बाजूलाच बसणार! पण पावसाची ओल खिडकीच्या कोपऱ्यातून, छज्ज्याच्या सांध्यातून, भेगेखाली ओघळासारखी उतरते आणि पाऊस उघडला की हळूहळू फिकी पडते. तिच्यावर भेगा बुजवणं हाच उपाय. मावशीची ओल दिवाळीतही जमिनीला समांतर, होती तिथेच होती. ती खालून चढलेली होती.

टोस्टचं नुसतं टोक चहात धरा, चहा बोटांपर्यंत चढतो. विटेतही अशाच केसाहून बारीक नळ्या असतात. पाण्याला त्यांच्या भिंतींची ओढ असते, म्हणून ते कडेकडेने वर सरकतं आणि पृष्ठताणामुळे मधलं पाणीही मागोमाग येतं. ओढणारं बल नळीच्या परिघावर ठरतं, म्हणजे त्रिज्येच्या पटीत. उचलायचं वजन मात्र छेदाच्या क्षेत्रफळावर, म्हणजे त्रिज्येच्या वर्गाच्या पटीत. त्यामुळे नळी जितकी बारीक, तितकं पाणी उंच. 1 मिलिमीटर त्रिज्येच्या नळीत ते जेमतेम दीड सेंटिमीटर चढतं, 0.01 मिलिमीटरच्या नळीत दीड मीटर आणि 0.001 मिलिमीटरच्या नळीत, निदान कागदावर, 15 मीटर!

मग चौथा मजला का भिजत नाही? एक तर इतक्या अरुंद नळीत घर्षणामुळे पाणी फार सावकाश सरकतं, आणि चढता चढता भिंतीतून वाफ होऊन उडत राहतं. जितकं चढतं तितकंच उडून जातं, तिथे रेघ उमटते. पाणी उडतं, त्यात विरघळलेले क्षार मागे राहतात. त्यातला सोडियम सल्फेट तर भारी खोडकर : कोरडा असताना निमूट, पण ओल मिळाली की दर रेणूमागे पाण्याचे दहा रेणू धरून बसतो आणि तिपटीहून जास्त फुगतो. पोपडे उडवणारा हाच.

आता ‘वॉटरप्रूफ’ रंगाचं काय झालं ते बघा. त्याने वाफेची वाट अडवली, मग पाणी रंगाच्या वर जाऊन बाहेर पडू लागलं. दुसऱ्या हातानंतर मावशीची रेघ अर्धा फूट वर सरकली होती. जाहिरातीतली भिंत कोरडी असते, आपली आधीच ओली, हा फरक डब्यावर ठळक छापायला हवा.

मूळ सापडलं बाहेर. जोत्यावर ओल अडवणारा डीपीसीचा थर होता, पण गाडीसाठी पेव्हर ब्लॉक टाकताना भराव त्याच्याही वर गेला होता. ओल थराला वळसा घालून बाहेरून विटेत शिरत होती. डिसेंबरात भराव थराच्या अर्धा फूट खाली नेला, गिलावा रेघेच्या फूटभर वरपर्यंत काढला, खार कोरड्या ब्रशने झाडला. तो पाण्याने धुतला असता तर विरघळून परत विटेत गेला असता.

यापुढे फक्त थांबायचं. ठोकताळा असा की एक इंच जाडीला एक महिना, म्हणजे नऊ इंची भिंतीला नऊ महिने. त्यानंतर चुन्याचा गिलावा, वाफ जाऊ देणारा. तोवर येणारा-जाणारा विचारतो, “काम अर्धवट का सोडलंय?” मावशीने उघड्या विटांवर ओलीच्या कडेला पेन्सिलीने रेघ मारून तारीख टाकली आहे. मार्चअखेर ओल त्या रेघेच्या चार बोटं खाली होती.